मिनी डीव्ही कॅसेट: सोलापूरच्या उन्हात घ्यायची कशी, टिकवायची कशी

महागडी कॅसेट घेतली की चित्र चांगलं येतं, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. मिनी डीव्ही म्हणजे हँडीकॅममध्ये चालणारी छोटी व्हिडिओ कॅसेट, तिच्यावर चित्र आकड्यांच्या रूपात लिहिलं जातं. ते आकडे नीट वाचता आले तर स्वस्त आणि महाग कॅसेटमधलं चित्र तंतोतंत सारखं. नाही आले तर पडद्यावर चौकोन उमटतात, आवाज कटकट करत तुटतो. चांगल्या कॅसेटचे जास्तीचे पैसे रंगांसाठी नसतात, आकडे गळू नयेत म्हणून असतात. आणि आकडे गळण्याची कारणं आपल्या गावात बहुतेक वेळा कंपनीच्या कारखान्यात सापडत नाहीत. ती पत्र्याखालच्या माळ्यावर, गाडीच्या डॅशबोर्डवर आणि कूलरच्या समोर सापडतात.

कपाटातून जुना हँडीकॅम निघाला म्हणून कुणी याकडे वळतं, कुणी हौसेनं सेकंडहँड कॅमेरा घेतं, कुणाला ताईच्या लग्नाच्या कॅसेट वाचवायच्या असतात. तिघांनाही पुढचं उपयोगी पडेल.

आधी कॅमेऱ्याला काय चालतं ते बघा

कॅसेट घ्यायच्या आधी कॅमेऱ्याच्या दारावरचा छाप वाचा. मिनी डीव्ही १९९५ साली आली. तिची डबी ६६ बाय ४८ मिलिमीटर, जाडी १२ मिलिमीटरच्या आसपास आणि आतली टेप ६.३५ मिलिमीटर रुंद. सोनीने १९९९ मध्ये काढलेले डिजिटल-८ कॅमेरे दिसायला याच पठडीतले, पण त्यांना मोठी ८ मिलिमीटरची म्हणजे हाय-८ कॅसेट लागते. त्यात ९० मिनिटांची कॅसेट घातली तरी रेकॉर्डिंग होतं साधारण ६० मिनिटं. हे माहीत नसलं की ऐन कार्यक्रमात हिशेब चुकतो.

नंतरच्या एचडीव्ही, म्हणजे टेपवर एचडी चित्र काढणाऱ्या कॅमेऱ्यांना मात्र तीच मिनी डीव्ही कॅसेट चालते. लग्नाची शूटिंगं करणाऱ्यांकडचा सोनीचा पीडी-१७० कॅमेरा डीव्हीकॅम पद्धतीनेही रेकॉर्ड करतो. त्यात टेप जास्त वेगाने पळते आणि ६० मिनिटांची कॅसेट ४० मिनिटांत संपते. अशा कॅमेऱ्यावरची कॅसेट साध्या हँडीकॅममध्ये चालेलच असं धरून चालू नका. जुन्या कॅसेटच्या लेबलवर कॅमेऱ्याचं नाव असेल तर ते फार कामाचं असतं.

अमेरिकेतल्या भाच्याने कॅमेरा पाठवला असेल तर तो एनटीएससी असणार, आपल्याकडचे पाल. टीव्ही चित्राच्या या दोन वेगळ्या पद्धती. कोरी कॅसेट दोन्हींना एकच. भरलेली मात्र त्याच पद्धतीच्या कॅमेऱ्यात बघायला मिळते.

घेताना

ताजा माल विसरा. आज जे मिळतं ते बहुतेक जुनं, न फोडलेलं. इंटरनेटवर मिळतं तसं ते जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या कपाटातही मिळतं. शूटिंगवाले मेमरी कार्डावर गेले तेव्हा त्यांच्याकडे कोऱ्या कॅसेटचे डबे पडून राहिले. जाऊन विचारा, पण विचारताना एक प्रश्न नक्की विचारा: "डबा ठेवला कुठं होता?" आतल्या खोलीत असेल तर घ्या. दुकानाच्या पोटमाळ्यावर, वर पत्रा, असं उत्तर आलं तर सील कितीही घट्ट दिसो, महत्त्वाच्या कामाला ती कॅसेट नको. सरावाला चालेल.

कॅसेट ६० मिनिटांचीच घ्या. ८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये टेप लांब बसवण्यासाठी ती आणखी पातळ करावी लागते. साठवाल्या कॅसेटची टेपच मुळात ७ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. याहून पातळ टेप जुन्या, झिजलेल्या कॅमेऱ्यात सुरकुतते. वीस मिनिटांच्या लोभापायी हे दुखणं घेऊ नये.

कुठल्या कंपनीची? सोनी, पॅनासोनिक, टीडीके, फुजी, जेव्हीसी, मॅक्सेल या सगळ्यांच्या कॅसेट चांगल्या होत्या. शूटिंगवाल्यांमध्ये एक जुना वाद आहे: वेगवेगळ्या कंपन्यांचं टेपवरचं वंगण वेगवेगळं असतं, ते एकत्र आलं की हेड, म्हणजे टेपवर लिहिणारं-वाचणारं टोक, चिकटतं. काही जण शपथेवर सांगतात, काही जण हसण्यावारी नेतात. माझं मत असं की वाद घालण्यापेक्षा एकच कंपनी धरणं सोपं आहे. बदलावीच लागली तर मध्ये एकदा हेड साफ करा. फुकटात होणारी सावधगिरी आहे.

'एचडी' किंवा 'मास्टर' लिहिलेल्या महाग कॅसेट साध्या डीव्ही कॅमेऱ्याला लागत नाहीत. एचडीव्ही असेल तर विचार करा. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, एखादा ठिपका गळला तर फ्रेमचा एक तुकडा जातो. एचडीव्हीत पालमध्ये १२ फ्रेमचा गट एकत्र बांधलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच ठिपक्यापायी जवळजवळ अर्धा सेकंद चित्र थिजतं. तिथे चांगल्या टेपचे पैसे वसूल होतात.

वापरलेली कॅसेट स्वस्तात मिळाली तर सरावाला घ्या. घेताना खिडकीतून टेपचं वेटोळं उजेडात धरून बघा. वेटोळ्याची बाजू सपाट, काळसर, एकसारखी चमकणारी हवी. कडा वरखाली झालेल्या दिसल्या, एखादा थर बाहेर आलेला दिसला, तर टेप आत चुरगळलेली आहे. पांढुरकी पूड किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट फुकट मिळाली तरी कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर.

पहिल्यांदा कॅसेट घालताना

नवशिक्यांच्या हातून कॅमेरे बिघडतात ते इथेच. दार उघडा. आतला कप्पा आपोआप वर येईपर्यंत थांबा. कॅसेटची खिडकी बाहेरच्या बाजूला ठेवून ती सरळ आत सरकवा. आता कप्प्यावर 'पुश' असं लिहिलेली एक जागा असते, तिथेच बोटाने हलकं दाबा. 'चक' असा आवाज येतो, मग मोटर घरघरते आणि कप्पा स्वतःहून खाली जातो. तो पूर्ण खाली बसल्यावरच बाहेरचं दार लावा. घाईत दार ढकललं की कप्पा तिरका होतो, आणि तिरका झालेला कप्पा सरळ करणारे कारागीर आता शोधावे लागतात.

कॅसेट अडकली तर स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. हे दार विजेवर चालतं, त्यामुळे बॅटरी मेली की कॅसेट बाहेर येत नाही. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावून पुन्हा प्रयत्न करा. बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

कोरी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा, मग पूर्ण मागे आणा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचे थर एकमेकांना धरून बसतात, ते सुटतात आणि ताण सगळीकडे सारखा होतो. मग लेन्सवर झाकण ठेवून पंधरा-वीस सेकंद रेकॉर्ड करा. टेपच्या सुरुवातीचा तुकडा सगळ्यात जास्त ओढाताणीचा, तिथे कामाचं काही नको.

मेनूमध्ये जाऊन 'एसपी', म्हणजे नेहमीचा वेग, आहे ना ते तपासा. 'एलपी'मध्ये साठ मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटं चालते खरी, पण टेपवरच्या रेघा १० मायक्रॉनवरून ६.७ मायक्रॉनवर येतात. एवढ्या बारीक रेघा ज्या कॅमेऱ्याने लिहिल्या तोच वाचू शकतो, दुसऱ्याला जमतीलच असं नाही. उद्या तो कॅमेरा बंद पडला तर कॅसेट सुस्थितीत असूनही आतलं दिसणार नाही.

आता टाइमकोड. कॅमेरा टेपवर तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा आकडा लिहीत जातो. मध्ये कोरी जागा राहिली की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि पुढे संगणकावर उतरवताना सॉफ्टवेअरचा गोंधळ होतो. काढलेलं बघून झालं की 'एंड सर्च' दाबून शेवटावर या. ज्या कॅसेटवर मेमरीचे सोनेरी ठिपके नाहीत, ती एकदा बाहेर काढली की बऱ्याच कॅमेऱ्यांत एंड सर्च काम करत नाही. मग शेवटचं दृश्य चालवा आणि ते संपायच्या दोन-तीन सेकंद आधी थांबवून तिथून रेकॉर्डिंग सुरू करा. यासाठीच प्रत्येक शॉट संपल्यावर चार-पाच सेकंद जास्त घ्यायची सवय लावा.

कार्यक्रमाच्या दिवशी

कॅसेट संपण्याची वेळ आपण निवडायची, कॅसेटला निवडू द्यायची नाही. मंगलाष्टकं सुरू होताना दहा मिनिटं शिल्लक असतील तर ती सोडून द्या आणि नवी घाला. अक्षता उडत असताना तर दार उघडायचंच नाही. तांदळाचा एक दाणा कप्प्यात गेला की तो टेपच्या वाटेत बसतो. हळदीच्या कार्यक्रमात पूड उडते, तेच कारण. भिंतीकडे तोंड करून, अंगाच्या आडोशाला कॅसेट बदला.

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचं शूटिंग करायचं असेल तर होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत कॅसेट बदलण्याची वेळ येऊ देऊ नका. तिथली धूळ पायाखालून सतत वर येत असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीआधी एखाद्या दुकानात शिरून नवी कॅसेट घाला. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडला लागून घर असेल तर हवेत कापसाचे तंतू असतातच. उन्हाच्या तिरिपेत ते तरंगताना दिसतात, तेवढीच खूण पुरे. तिथे कॅमेरा उघडा ठेवू नका.

'पॉझ'वर ठेवून गप्पा मारत बसू नका. हेड बसवलेला आतला ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेत असतो, आणि टेप थांबलेली असली तर एकाच जागी घासत राहतो. कॅमेरा काही मिनिटांनी स्वतःच थांबतो, पण तोवर वाट कशाला बघायची.

एसी हॉलमधून किंवा एसी गाडीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला तर ड्रमवर दव धरतं, टेप त्याला चिकटते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात हा त्रास कमी, जुलै-ऑगस्टमध्ये जास्त. बाहेर नेण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करा आणि तासभर बॅगेतच राहू द्या. पडद्यावर थेंबाचं चिन्ह आलं तर हट्ट करू नका, कॅसेट काढा आणि थांबा. कूलरचा झोत थेट कॅमेऱ्यावर येईल असं कधीच ठेवू नका. कूलर थंड हवा देतो तसा पाण्याचा अंशही देतो.

चौकोन आले तर: दोष कुणाचा?

यावर थोडा वेळ घालवा, कारण चुकीच्या निदानाने चांगल्या कॅसेट फेकल्या जातात.

ड्रमवर दोन हेड असतात. पालमध्ये एक फ्रेम १२ रेघांमध्ये लिहिली जाते, आणि दोन्ही हेड आळीपाळीने एकेक रेघ वाचतात. प्रत्येक रेघेत चित्राचा एक आडवा पट्टा असतो. म्हणून एक हेड घाण झालं की चित्र एका ठरावीक पद्धतीने बिघडतं: एक आडवा पट्टा ठीक, त्याच्या खालचा थिजलेला किंवा चौकोनी, पुन्हा एक ठीक, पुन्हा एक बिघडलेला. असं दिसलं आणि दुसरी कॅसेट घातल्यावरही तसंच राहिलं, तर दोष हेडचा आहे. कॅसेट निर्दोष.

अधूनमधून, कुठेही, एखाद्या क्षणापुरते चौकोन येतात आणि मागे घेऊन पुन्हा लावलं तर बरोबर त्याच जागी येतात? मग टेपवरच तिथे डाग किंवा ओरखडा आहे. आणि एका कॅमेऱ्यात चित्र स्वच्छ, दुसऱ्यात सगळीकडे खराब असेल, तर दोन कॅमेऱ्यांची आतली जुळवणी वेगळी आहे. अशी कॅसेट ज्या कॅमेऱ्यावर काढली तो शोधा, निदान त्याच मॉडेलचा.

हेड साफ करायला कोरडी क्लीनिंग कॅसेट वापरा. घालायची, 'प्ले' दाबायचं, दहा सेकंदांनी थांबवायचं, काढायची. ती खरखरीत असते. तासभर चालवली तर घाणीबरोबर हेडही झिजतं. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही तर थांबा. क्लीनिंग कॅसेट मागे फिरवून पुन्हा वापरायची नाही, शेवटपर्यंत आली की तिचं काम संपलं. कानात घालायच्या कापसाच्या काडीने हेड पुसू नका. तंतू हेडच्या बारीक टोकाला अडकतो आणि ओढताना टोक तुटतं.

घरात ठेवायच्या कुठं

चुंबकाची भीती लोकांना फार, उन्हाची अजिबात नाही. प्रत्यक्षात उलट हवं. विमानतळावरच्या एक्स-रेने कॅसेटला काही होत नाही. मोठ्या स्पीकरवर रचून ठेवू नका, एवढं पुरे. खरा शत्रू उष्णता आणि तिचे चढउतार. संग्रहालयं टेपसाठी १८ ते २० अंश तापमान आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता धरतात. सोलापुरात उन्हाळ्यात बाहेर ४० च्या वर पारा जातो, आणि पत्र्याखालचा माळा किंवा बंद गाडी त्याहूनही तापते. डबीचं प्लास्टिक वाकतं, टेपचा ताण बिघडतो.

जुनं माळवदाचं घर असेल तर भाग्यवान आहात, आतली खोली दुपारीही बऱ्यापैकी थंड असते. सिमेंटच्या घरात घराच्या मधल्या खोलीतलं, पश्चिमेच्या भिंतीला न टेकलेलं कपाट निवडा, आणि त्यातला खालचा कप्पा. जमिनीपासून थोडा वर, कारण फरशी धुताना पाणी जातं. कॅसेट तिच्या प्लास्टिकच्या डबीत, पूर्ण मागे फिरवून, पुस्तकं लावतो तशा उभ्या ठेवायच्या. कॅमेऱ्यात कॅसेट ठेवून कॅमेरा कपाटात टाकायचा नाही.

पैठणी आणि शालूंच्या ट्रंकेत कॅसेट ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ट्रंकेला हरकत नाही, डांबरगोळ्यांना आहे. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बाकी वर्षभर इथली हवा कोरडीच असते. वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळ्यात, प्रत्येक कॅसेट पूर्ण पुढे-मागे फिरवा.

लेबल कंपनीने दिलेलंच लावा, त्याच्या खाचेत. वर दुसरा कागद चिकटवू नका, उन्हाळ्यात डिंक सुटतो आणि कोपरा उचलला की कॅसेट कप्प्यात अडकते. तारीख, प्रसंग, कॅमेरा आणि एसपी की एलपी, एवढं लिहा. आणि रेकॉर्डिंग संपल्याबरोबर मागची छोटी पट्टी 'सेव्ह'कडे सरकवा. बारशाच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच चढलेली घरं गावात कमी नाहीत.

संगणकावर उतरवणं

हे टाळू नका. टेप अजून टिकेल, पण ती वाचणारे चालू कॅमेरे दरवर्षी कमी होतायत.

कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या फायरवायर वायरीनेच उतरवा. कॅमेऱ्यावर त्याला 'डीव्ही' किंवा सोनीवर 'आय-लिंक' लिहिलेलं असतं. टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी वायर लावून केलेली नक्कल म्हणजे आकड्यांचं पुन्हा चित्र आणि चित्राचे पुन्हा आकडे, त्यात दर्जा जातो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून फोटो किंवा हलक्या दर्जाचं चित्र येतं. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, आणि ॲपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून तर त्याचा आधारच काढून टाकला. सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे जुना डेस्कटॉप आणि त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं फायरवायर कार्ड. विंडोजवर 'विनडीव्ही' हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. खराब कॅसेटसाठी 'डीव्हीरेस्क्यू' हेही फुकट आहे, ते कुठल्या फ्रेममध्ये किती दोष आहे ते दाखवतं.

वायर लावताना-काढताना कॅमेरा बंद ठेवा. कॅमेरा चालू असताना वायर लावली-काढली तर फायरवायरचं पोर्ट जळू शकतं. चार्जरवर चालवत असलात तरी बॅटरीही लावून ठेवा, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी टेप ड्रमभोवती गुंडाळलेली अडकणार नाही. कॅसेट सुरू करायच्या आधी एक दिवस त्याच खोलीत असू द्या, एकदा पुढे-मागे पळवा, मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात उतरवा. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि फाइल होते सुमारे १३ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर सत्तर-पंचाहत्तर कॅसेट बसतात. मूळ डीव्ही फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायला छोटी एमपी-४ वेगळी काढा.

कुठल्या कॅसेटपासून सुरुवात करायची? आधी एलपीवर काढलेल्या, मग एचडीव्हीच्या, मग ज्यांचा मूळ कॅमेरा आता कुरकुरायला लागलाय त्या. साध्या एसपीवरच्या, नीट ठेवलेल्या कॅसेट शेवटी आल्या तरी चालेल. डिस्क दोन घ्या, आणि दुसरी त्याच घरात ठेवू नका. तुम्ही जुळे सोलापुरात राहत असाल आणि बहीण पुण्यात असेल, तर दिवाळीला ती परत जाताना तिच्या बॅगेत द्या. उतरवून झालेल्या कॅसेट मात्र रद्दीत टाकू नका. खालच्या कप्प्यात त्यांना लागते ती एक वीतभर जागा.